थकल्याभागल्या जिवांची गाणी : जात्यावरची ओवी आणि जपानची अंगाई



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्या गुरुजींना स्वतःची स्तुती ऐकवत नसे. कोणी स्तुती करू लागले की ते चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसू लागत आणि चष्मा पुसणे संपायच्या आत स्तुती संपावी अशी त्यांची अपेक्षा असे. म्हणून त्यांच्या गुणवर्णनात मी वेळ घालवीत नाही. त्यांनी मला दिलेले एक काम माझ्या हातून अपुरे राहिले, त्याविषयीच आज बोलणार आहे. विषयाचे नाव छापील पत्रिकेत वाचून सकाळी एका जुन्या वर्गमित्राने विचारले, "निपाणीचा माणूस तू, तुला जपानची अंगाई कुठे भेटली?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर यथावकाश येईलच. पण आरंभ आपल्या घरातल्या जात्यापासूनच करावा लागेल.

1959 साली मी आठवीत होतो. गुरुजींनी मराठीच्या तासाला गृहपाठ दिला : घरातल्या बायका दळताना ज्या ओव्या म्हणतात त्यांतल्या दहा ऐकून लिहून आणाव्यात. पुस्तकातून उतरवलेल्या चालणार नाहीत. वर्गात खसखस पिकली. ओवी म्हणजे ज्ञानेश्वरीची, हे आम्हांला ठाऊक होते. पण घरातल्या बाईच्या तोंडची ओवी वहीत लिहिण्याजोगी असते हे कोणाच्या गावी नव्हते.

आमच्या घरी पहाटे चारच्या सुमारास जाते सुरू होई. आई आणि चुलती समोरासमोर बसत. खुंट्यावर दोघींचे हात. एकीने मुठीने वैरण घालायची, दुसरीने वेग सांभाळायचा. दिवा पुष्कळदा नसेच, कारण दळायला उजेड लागत नाही. आम्ही मुले पलीकडच्या सोप्यात गोधडीखाली असू. जात्याची घरघर आणि तिच्यावर चढत जाणारा तो संथ सूर ऐकत आम्ही अर्धवट जागे होत असू आणि त्याच सुराने पुन्हा झोपी जात असू. गृहपाठासाठी मी पहिल्यांदाच उठून वही घेऊन उंबऱ्यावर बसलो. आई ओशाळली. म्हणाली, "माझ्या वव्या लिवून काय करणार हाईस रं? त्या काय तुझ्या पुस्तकातल्या कविता हाईत?" पण जाते थांबवता येत नव्हते, आणि जाते चालू असताना ओवीही थांबवता येत नव्हती.

आईचे माहेर गोकाककडचे. घरात कानडी बोलणे, लग्नानंतर मराठी. आपल्या सीमाभागात अशी घरे किती आहेत, हे मी आपणांस सांगायला नको. एका पंगतीत दोन भाषांत वाढणे चालते आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही. आई मराठीत ओव्या म्हणे, आणि मधेच, चुलती वैरण आणायला उठली की, एकटीच कानडीत म्हणू लागे. ती त्रिपदी होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. कानडी मुलखातल्या बायकांची दळणाची नि कांडणाची गाणी बहुधा तीन ओळींच्या या छंदात असतात. विजापूरकडील हलसंगी गावाच्या मंडळींनी ती वेचून 1931 साली 'गरतीय हाडु' या नावाने प्रसिद्ध केली. गरती म्हणजे घरंदाज बाई. आपल्याकडे साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या वेचल्या, डॉ. सरोजिनी बाबर यांनी आयुष्य त्या कामाला वाहिले. एकाच जात्याच्या दोन तळ्यांसारखी ही दोन भाषांतली कामे आहेत.

यापेक्षाही जुना एक दाखला मला फार मोलाचा वाटतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात, इ. स. 1129 च्या सुमारास, 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे त्यात त्याने नमूद केले आहे. कानडी मुलखातल्या राजाने संस्कृत ग्रंथात मराठी बायकांच्या गाण्याची नोंद घ्यावी, ही गोष्ट आपल्या भागातल्या माणसाने विसरण्याजोगी नाही. त्या काळी ज्ञानेश्वरी लिहिली जायला अजून दीडशेहून अधिक वर्षे होती.

असो. मी नऊ ओव्या लिहिल्या, सगळ्या मराठी. कानडीतले ते गाणे मी लिहिले नाही. वास्तविक त्या पहाटे तेच सर्वांत जास्त वेळ चालले होते. त्यात तिच्या धाकट्या बहिणीचे नाव येई. ती पहिल्या बाळंतपणातच गेली होती. दिवसा आई त्या बहिणीविषयी चकार शब्द काढीत नसे. पण ते दिवस 1956 नंतरचे होते. बेळगाव म्हैसूर राज्यात गेले होते, गावागावांत सभा होत होत्या, माणसे तुरुंगात जात होती, आणि मोठ्यांच्या डोक्यात जे असते ते मुलांच्या डोक्यात जरा जास्तच कडक होऊन बसते. आई कानडीत गाते हे वर्गात कळले तर मुले काय म्हणतील, या भीतीने मी गप्प बसलो.

गुरुजींनी वही पाहिली. "नऊच? दहावी कुठे आहे?"

"आई नऊच म्हणते, गुरुजी."

ते माझ्याकडे बघत राहिले. "दळण नऊ ओव्यांत होत नाही रे बाळ." एवढेच बोलून त्यांनी नवव्या ओवीनंतरची तीन पाने माझ्यादेखत मोजली आणि सांगितले, "ही कोरी ठेव. आठवेल तेव्हा लिही." त्यांना सारे कळले होते की काय, हे मला आजतागायत ठाऊक नाही. सीमेच्या लढ्यात ते स्वतः होते, आणि तरीही शेजारच्या कानडी शाळेतल्या मास्तरांकडून पुस्तके आणून वाचणारे तेच होते.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. थकलेल्या माणसाला गाणे धीर देते म्हणजे नेमके काय करते? सर्वसाधारण समजूत अशी, की ते चांगले दिवस येतील असे सांगते. पण आपल्या जात्यावरच्या ओव्या ऐकून पाहा. चांगल्या दिवसांची भाषा त्यांत क्वचितच असते. माहेर लांब आहे, भाऊ यंदा न्यायला आला नाही, काम सरत नाही, सासूचा शब्द लागला, हेच असते. सीतेचा वनवास असतो; आणि रामाने तिला का टाकले हा प्रश्न, जो कोणी कीर्तनकार सहसा मोठ्याने विचारीत नाही, तो जात्यावर सरळ विचारलेला असतो. सांत्वनाचा शब्द कुठे नाही, आणि तरी दळून उठलेली बाई हलकी झालेली असते. पीठ झाले म्हणून नव्हे. जे दिवसा बोलण्याची सोय नव्हती ते तिने बोलून घेतलेले असते, आणि तेही अशा रीतीने, की कोणी तिला जाब विचारू शकत नाही. कारण ते गाऱ्हाणे तिचे एकटीचे राहत नाही. चाल सर्वांची असते, पहिली ओळ आजीच्या तोंडून आलेली असते, दुसऱ्या ओळीत ती आपले माणूस नि आपले गाव घालते. समोर खुंटा धरून बसलेली पुष्कळदा जाऊ असते, नाहीतर सासूच असते. जिच्याविषयी गाऱ्हाणे तीच सूर धरते! पलीकडे अंथरुणात नवरा जागा असतो आणि झोपेचे सोंग घेतो. घराने दिलेली ही एक मुभा होती, आणि कोणीही ती मोडीत नसे.

मला हे समजले ते आपल्या ओव्यांवरून नव्हे, ही थोडी लाजिरवाणी गोष्ट आहे. ते समजायला मला जपानी गाणे ऐकावे लागले. 1970 च्या दशकात रात्री झोप लागत नसे तेव्हा मी रेडिओवर लघुलहरी फिरवीत बसे. सांगली आणि धारवाड ही आपली घरची केंद्रे. एकीकडे मराठी, दुसरीकडे कानडी. ती बंद झाली की दूरदूरचे आवाज येत. रेडिओ जपानचा हिंदी कार्यक्रम असाच एकदा सापडला. त्यात एका बाईच्या आवाजात, जवळजवळ साथीवाचून, एक अंगाई लागली. शब्द अर्थातच कळले नाहीत. पण सूर वरून खाली उतरताना अंगावर काटा आला. आई एकटी असताना जे गाई, त्या सुराची जातकुळी तीच होती. निवेदिकेने सांगितले, ही इत्सुकी गावची अंगाई.

इत्सुकी हे क्यूशू बेटावरच्या कुमामोतो प्रांतातले डोंगरी खेडे. तिथल्या गरीब कुळांच्या आठ-दहा वर्षांच्या पोरी श्रीमंतांच्या घरी मुले सांभाळायला ठेवल्या जात. पाठीला मूल बांधायचे आणि दिवसभर हिंडवायचे. ही अंगाई त्या पोरींची आहे. नावाला ती बाळासाठी. पण त्या गाण्यात बाळाला झोपवण्यापेक्षा स्वतःचे दिवस मोजणेच जास्त आहे. ऑगस्टमध्ये बोन नावाचा पितरांचा सण येतो, आपल्या पितृपंधरवड्यासारखा; तो आला की चाकरीची मुदत संपून घरी जायला मिळते. पोर त्या सणाची वाट पाहते, आपल्या फाटक्या कपड्यांची तुलना धन्याच्या कपड्यांशी करते, आणि आपण मेलो तर रडायला कोण येईल असा विचार करते. जपानी लोकगीतांत सहसा न आढळणाऱ्या तीन मात्रांच्या लयीत हे सगळे चालते. तिथले अभ्यासक बाळाला झोपवणारी गाणी आणि सांभाळणाऱ्या पोरींची गाणी असा भेदच करतात. क्योतोजवळच्या ताकेदा वस्तीतली अशीच एक अंगाई 'आकाई तोरी' या गायकगटाने 1971 साली ध्वनिमुद्रित केली आणि ती घरोघर पोहोचली. पण ती वस्ती तिकडे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाची, हे लक्षात आल्यावर प्रसारणसंस्था पुढे कितीतरी वर्षे ती लावायला कचरत होत्या. भोवती आपल्या देशातलीच माणसे बसली आहेत असे वाटावे, इतके हे ओळखीचे आहे.

मूल ऐकते, पण दिलासा मिळतो तो गाणारीला. बाळाच्या निमित्ताने, जात्याच्या निमित्ताने ती स्वतःशी बोलून घेते. हात कामात गुंतलेले असल्यामुळे तिच्यावर कोणी रिकामटेकडेपणाचा आळ घेत नाही. निपाणीची भावजय आणि इत्सुकीची पोर यांची एकमेकींशी गाठ पडण्याचा संभव नव्हता. दोघींनी एकच वाट शोधून काढली.

ही झाली लोकगीते. नव्या काळात, शहरातल्या थकलेल्या प्रौढ माणसासाठी जपान्यांनी काय केले? एक गाणे जगभर गाजले. सोप्या शब्दांत सांगायचे तर त्यातला माणूस रात्री एकटा चालला आहे आणि डोळ्यांतले पाणी गळू नये म्हणून वर बघत चालतो आहे. 1961 चे हे गाणे एई रोकुसुके यांनी लिहिले, नाकामुरा हाचिदाई यांनी चाल दिली आणि साकामोतो क्यू या तरुण गायकाने म्हटले. मधेच तो नुसती शीळ घालतो, कारण शब्द सापडत नाहीत. 1963 साली ते अमेरिकेत सर्वांत खपाचे गाणे ठरले, आणि पाश्चात्त्य मंडळींना नाव उच्चारता येईना म्हणून त्यांनी त्याला 'सुकियाकी' हे एका मांसाच्या पदार्थाचे नाव देऊन टाकले! दुःखाच्या गाण्याला जेवणातल्या पदार्थाचे नाव देणे हे व्यापाऱ्यालाच सुचू शकते.

या गाण्यामागची हकीकत आपल्या भागातल्या श्रोत्यांनी लक्ष देऊन ऐकावी. 1960 साली अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध जपानमध्ये प्रचंड आंदोलन झाले. ते अयशस्वी ठरले. एई त्या मोर्च्यांत होते, आणि तिथून परतताना मनात दाटलेल्या उद्वेगातून हे गाणे आले, असे सांगितले जाते. गाण्यात मात्र राजकारणाचा एक शब्द नाही. हरलेल्या आंदोलनातून घरी परतणारा माणूस कसा चालतो, तेवढेच आहे. आपल्याकडे उलट घडले. अण्णाभाऊ साठे यांनी 'माझी मैना' लिहिली ती पोटासाठी मुंबईला गेलेल्या कामगाराची आणि गावी राहिलेल्या त्याच्या बायकोची ताटातूट म्हणून. आणि तिच्याच शेवटाकडे खंडित महाराष्ट्राचे, बेळगाव-कारवारचे दुःख आणून जोडले. एकाने राजकारण वजा करून माणूस ठेवला, दुसऱ्याने माणसाच्या विरहातून राजकारण सांगितले. मी आंदोलनांच्या सभांत पुष्कळ घोषणा ऐकल्या, दिल्याही. 1967 साली महाजन आयोगाचा अहवाल आला, 2004 साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि मधल्या काळात माझ्या पिढीचे केस पांढरे झाले. त्या घोषणांपैकी आज मला घरी एकट्याने म्हणावीशी वाटेल अशी एकही नाही. 'माझी मैना' मात्र कोणी धरली की अजून गळा दाटतो.

साकामोतोच्याच आवाजातले आणखी एक गाणे, रात्रीच्या आकाशातल्या ताऱ्यांकडे पाहा असे सांगणारे, एई यांनीच लिहिलेले, 1960 च्या एका संगीत नाटकातले आहे. दिवसा कारखान्यात राबणाऱ्या आणि रात्रशाळेत शिकणाऱ्या मुलांचे ते नाटक. गुरुजी ज्या खोलीत रात्रीचा वर्ग चालवीत, ती खोली आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तंबाखूच्या वखारीतून आलेल्या पोरी तिथे बसत. त्यांच्या कपड्यांना येणाऱ्या उग्र वासाने खोलीत आम्हांला शिंका येत. दिवसभर तंबाखू चाळून आलेली पोर फळ्याकडे बघता बघता पेंगू लागे. गुरुजी तिला उठवीत नसत. सर्वांना मिळून एखादा अभंग म्हणायला लावीत, की ती आपोआप जागी होऊन सूर धरी. या वखारींतल्या बायकांच्या लढ्यावर 'युगांतर' गटाने 1982 साली 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा अनुबोधपट काढला. संधी मिळाल्यास तो जरूर पाहावा.

आजारपणात गाण्याने माणूस कसा तगतो याचे उदाहरण शोधायला तर आपल्याला जिल्ह्याबाहेरही जायला नको. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे. जन्म 8 एप्रिल 1924. ऐन तारुण्यात क्षयाने गाठले, 1948 साली ते देवासला गेले आणि काही वर्षे त्यांना गायची बंदी होती. कानडी घरात जन्मलेला, मराठी मुलखात वाढलेला हा गवई माळव्यात अंथरुणावर पडून तिथल्या बायामाणसांची गाणी ऐकत राहिला, ती टिपून घेत राहिला. पुढे त्यांतूनच त्यांचे धुनउगम राग आले. ज्या गाण्यांना कोणी गाणे म्हणत नव्हते, त्यांनी भारतातल्या एका मोठ्या गायकाला मुके असतानाची वर्षे पार करून दिली.

येथे एक गैरसमज होऊ नये. जाते परत यावे असे मी म्हणत नाही. गावात इंजिनाची गिरणी आली त्या दिवशी आईने गिरणीवाल्याला नारळ दिला. तिच्या तळहाताचे घट्टे मी पाहिले आहेत. ज्यांनी कधी शेरभर दळले नाही त्यांनीच दळणाच्या गोडव्याचे लेख लिहावेत. पण गिरणी आल्यावर ओव्याही थांबल्या, हेही खरे. पुढे एकदा मी तिला म्हणण्याचा आग्रह केला. ती म्हणाली, "जातं न्हाई, तर वव्या कशा सुचतील?" तिला नखरा करायचा नव्हता. महाराष्ट्रभर ओव्या गोळा करणाऱ्यांना हाच अनुभव आला. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या; 2017 पासून त्या 'पारी' या संग्रहाद्वारे लोकांसमोर येत आहेत. काही बायकांना केवळ ओवी आठवावी म्हणून रिकाम्या जात्यापुढे बसावे लागे.

कष्ट गेले हे उत्तमच झाले. पण बोलून घेण्याची ती पहाटेची जागा गेली, तिच्या बदल्यात आपण काय दिले? आज कोल्हापूरहून रात्रीच्या एस. टी. ने परतणारा माणूस कानांत नळ्या घालून काहीतरी ऐकत असतो. मी त्याला हसत नाही. रेडिओवरच्या परक्या बाईने मला एका वाईट काळात सावरले आहे. मात्र ऐकणाऱ्याला दुसरी ओळ आपली घालता येत नाही. त्याचे दुःख त्या गाण्यात शिरत नाही. ते बाहेरच उभे राहते. 2011 च्या भूकंप-त्सुनामीनंतर जपानमध्ये 'फुरुसातो' हे 1914 सालचे शाळेत शिकवायचे गाणे ठिकठिकाणी गायले गेले. लहानपणी ज्या डोंगरावर हिंडलो, ज्या नदीत मासे धरले, त्यांची आठवण त्यात आहे. गाव सोडावे लागलेल्या म्हाताऱ्यांना ते गाणे पाठ होते, कारण शाळेने ते सर्वांना मिळून शिकवले होते. आपल्या खेड्यांतली भजनी मंडळे मला याच कारणासाठी टिकावीशी वाटतात. भक्तीचा भाग ज्याचा त्याने पाहावा. पण दमलेला माणूस तिथे चार जणांत आवाज लावू शकतो, आणि बेसूर लागला तरी टाळ त्याला सांभाळून घेतात.

आता त्या वहीविषयी. आई जाऊन तीस वर्षे झाली. तिच्या बहिणीचे ते कानडी गाणे लिहून घेण्यासाठी मी गोकाककडे तिच्या माहेरी दोनदा गेलो. चाल ओळखणाऱ्या दोन म्हाताऱ्या भेटल्या. चाल ऐकताच त्यांनी मान हलवली आणि आपापल्या त्रिपद्या म्हटल्या. त्या मी टिपून घेतल्या आहेत. पण त्या त्यांच्या होत्या, आईच्या नव्हत्या. आईचे शब्द तिच्याबरोबर गेले. मला फक्त तिच्या बहिणीचे नाव आणि सूर आठवतो, आणि सूर लिहिण्याची विद्या माझ्याजवळ नाही.

नऊ ओव्यांची ती वही मी आज बरोबर आणली आहे. गुरुजींच्या लाल शाईतली तारीख तिच्यावर आहे. त्या दोघी म्हाताऱ्यांच्या त्रिपद्या मी शेवटच्या पानावर, देवनागरीत, जमेल तशा लिहिल्या आहेत. मधली तीन पाने तशीच आहेत. ही वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवून घ्यावी, अशी अध्यक्षांना विनंती करतो.